सातबारा, फेरफार आणि सार्वजनिक किल्ली: एका वकिली कार्यालयातल्या कुलूपबंद मेलचं प्रकरण

गणपतीच्या आदल्या आठवड्यात शनिवार पेठेतल्या एका वकिली कार्यालयातून फोन आला. वाटणीपत्राचा मसुदा पाठवला आहे, पण अशिलाला तो उघडत नाही. अशील जर्मनीत. जमीन मुळशी तालुक्यातली, वडिलोपार्जित, तीन भावंडांची. जर्मनीतल्या भावानं बहिणीला कुलमुखत्यारपत्र दिलेलं होतं आणि पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की कागद मेलनं पाठवाल तर कुलूपबंदच पाठवा. घरातले वाद नाजूक वळणावर होते. कुणाच्या वाट्याला कोणता गट क्रमांक जाणार हे सह्या होण्याआधी बाहेर फुटणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

आम्ही तिघं मिळून एक छोटं वेबमेल सॉफ्टवेअर सांभाळतो आणि पुण्यातली काही लहान कार्यालयं ते वापरतात. त्यात ओपनपीजीपी पद्धतीचं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची सोय, आहे. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या असतात, एक सार्वजनिक आणि एक खासगी. सार्वजनिक किल्लीनं लावलेलं कुलूप फक्त तिच्या जोडीच्या खासगी किल्लीनं उघडतं. गणित पक्कं आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी हा या पद्धतीचा मूळ प्रोग्रॅम जगासमोर ठेवल्यापासून त्या गणितानं फारसा दगा दिलेला नाही. दगा होतो तो त्याच्या एक पाऊल आधी: समोरच्याची सार्वजनिक किल्ली मिळवायची कुठून, आणि मिळालेली किल्ली त्याचीच कशावरून?

काय घडलं

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'किल्ली शोधा' असं एक बटण होतं. ते दाबलं की एका सार्वजनिक कीसर्व्हरला, म्हणजे लोकांच्या सार्वजनिक किल्ल्या साठवणाऱ्या सर्व्हरला, विचारणा जायची. त्या सर्व्हरचा पत्ता आम्हीच काही वर्षांपूर्वी सेटिंगमध्ये टाकला होता आणि त्यानंतर त्याकडे वळून पाहिलं नव्हतं. ज्युनिअर वकील मुलीनं अशिलाचा मेलपत्ता टाकला आणि तीन किल्ल्या समोर आल्या. तिन्हींवर तेच नाव, तोच पत्ता. तिनं तारखा पाहिल्या आणि सगळ्यात नवी निवडली. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

अशिलाला मेल पोहोचला, पण उघडेना. संध्याकाळ झाली होती आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयातली वेळ ठरलेली होती. अशिलानंच उलट लिहिलं, "राहू द्या, साधाच पाठवा." चूक दाखवणाऱ्या संदेशाच्या शेजारी आम्ही 'तसंच पाठवा' असं बटण दिलं होतं. तिनं ते दाबलं. ज्या एका कागदासाठी एवढा खटाटोप मांडला होता तोच उघडा गेला.

चार दिवसांनी ज्येष्ठ वकिलांना हे कळलं. कार्यालयात सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्या ज्युनिअरवर रागावल्या नाहीत. आम्हाला बोलावून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिसरी किल्ली कुणाची?"

अशिलाला विचारलं. एक किल्ली त्यांची चालू होती. दुसरी जुन्या लॅपटॉपबरोबर हरवलेली. तिसरी, म्हणजे तारखेनं सगळ्यात नवी दिसणारी, त्यांनी कधी बनवलीच नव्हती. ती कुणी बनवली हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी कट केला असा आरोप मी करणार नाही, कारण त्याला पुरावा नाही. खोट्या किल्लीनं लावलेला मेलही शेवटी अशिलाच्याच पेटीत पडला होता. तो वाचायला त्या अनोळखी माणसाला पेटीतही शिरावं लागलं असतं. या प्रकरणातलं खरं नुकसान उघड्या मेलनं केलं, आणि चुकीच्या किल्लीनं माणसाला त्या उघड्या मेलकडे ढकललं. हा क्रम ओळखायला आम्हाला दोन बैठका लागल्या. त्याआधी आम्ही सगळा दोष शोधावरच टाकून मोकळे झालो होतो.

तीन किल्ल्या आल्या कुठून

जुन्या धाटणीच्या कीसर्व्हरांवर कुणीही कुणाच्याही नावानं किल्ली चढवू शकतो. नाव आणि पत्ता किल्ली बनवणारा स्वतःच लिहितो. तारीखही त्याच्याच संगणकाचं घड्याळ लिहितं, त्यामुळे 'सगळ्यात नवी' या शब्दाला काही वजन नाही. हे सर्व्हर एकमेकांशी सतत नोंदींची देवाणघेवाण करतात आणि त्या व्यवस्थेत भर फक्त पडत जाते, पुसलं काहीच जात नाही. सरकारांनी दडपण आणून कुणाची किल्ली गायब करू नये म्हणून हे मुद्दाम तसं रचलेलं होतं. हेतू चांगला होता, आणि तोच पुढे अंगाशी आला. जून २०१९ मध्ये ओपनपीजीपी समुदायातल्या जाणत्या माणसांच्या किल्ल्यांवर कुणीतरी 'ही किल्ली याचीच' असं सांगणाऱ्या खोट्या सह्यांचा ढीग ओतला. एका किल्लीवर तर दीड लाखाच्या आसपास. अशी किल्ली आयात केली की ग्नूपीजी हे ओपनपीजीपीचं प्रचलित सॉफ्टवेअर गुदमरून जायचं, आणि पुसण्याची सोय नसल्यामुळे दुरुस्तीही करता येईना. पुढे युरोपातल्या विदा-संरक्षण कायद्याखाली नोंदी काढून टाकण्याच्या मागण्या आल्या आणि २०२१ च्या जूनमध्ये त्या सर्व्हरांचा सामाईक पत्ता बंद झाला. सुटे सर्व्हर मात्र चालू राहिले. आमच्या सेटिंगमध्ये त्यांतलाच एक होता.

२०१९ सालीच कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग ही सेवा सुरू झाली. ती पत्त्यावर मेल पाठवून खात्री करते आणि मगच त्या पत्त्यानं किल्ली शोधू देते. आम्ही नुसता जुना पत्ता काढून हा नवा टाकला असता तर काम एका दुपारी संपलं असतं. ते केलं नाही, कारण पुण्यातला कुठला वकील कोणत्या अशिलाची किल्ली कधी शोधतो याची सगळी यादी परत एकाच दारातून गेली असती. ती सेवा प्रामाणिक आहे असं मी मानतो. पण वकिलाचे अशील कोण ही माहिती स्वतःच गोपनीय असते, आणि ती कुणाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असू नये.

शोध कुणाकडे सोपवायचा

आम्ही निवडलेल्या मुख्य वाटेचं नाव वेब की डिरेक्टरी. ग्नूपीजीचे वेर्नर कॉख यांनी ती मांडली. ज्याच्या डोमेनवर (पत्त्यातल्या @ च्या नंतरच्या नावावर) मेलपत्ता आहे, त्याच्याच वेबसर्व्हरवर ठरलेल्या जागी किल्ली ठेवायची. पत्त्यातल्या @ च्या आधीच्या भागाचा एसएचए-१ हॅश, म्हणजे त्यावरून गणितानं निघणारा ठराविक लांबीचा संकेत, काढतात आणि तो ३२ अक्षरांत लिहितात. तीच फाइलची जागा. एसएचए-१ मोडलेलं आहे ना, असं आम्हाला दोघांनी विचारलं. सह्यांसाठी ते मोडलेलंच आहे. इथे ते फक्त कपाटातला खण ठरवतं, सुरक्षितता त्यावर उभी नाही.

मला पटलेली गोष्ट अशी की या वाटेवर विचारणा फक्त त्याच डोमेनकडे जाते, जिथे थोड्या वेळानं मेलही जाणार आहे. नव्या कुणाला काही कळत नाही. आणि सापडण्याची जबाबदारी सापडू इच्छिणाऱ्यावर येते.

दुसरी वाट डीएनएसची, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या यादीची. तिचे नियम आरएफसी ७९२९ या इंटरनेटच्या नियमपत्रात आहेत, ऑगस्ट २०१६, प्रायोगिक दर्जाचे. यात किल्ली डीएनएसच्या नोंदीतच ठेवतात आणि ती नोंद डीएनएससेकच्या, म्हणजे डीएनएसच्या नोंदींवर डिजिटल सही करणाऱ्या व्यवस्थेच्या, सहीनं राखलेली असावी लागते. डीएनएसच्या मूळ झोनवर, म्हणजे सगळ्यात वरच्या थरावर, ही सही जुलै २०१० पासून आहे. खालच्या डोमेनांपैकी कितीतरींनी मात्र ती कधी चालूच केलेली नाही, आणि आमच्या कार्यालयांपैकी बहुतेक त्यांतलीच. म्हणून डीएनएसला आम्ही दुसऱ्या साक्षीदाराचं काम दिलं. नोंद असेल तर ताडून पाहायची. दोन्हीकडच्या किल्ल्या जुळल्या नाहीत तर पाठवणं थांबवायचं.

आमच्यातल्या एकाचा नेमकॉइनवर जीव होता. २०११ मध्ये बिटकॉइनपासून निघालेली ही ब्लॉकचेन, म्हणजे अनेकांच्या संगणकांवर राहणारी नोंदींची साखळी, नावांच्या नोंदी कुठल्याही मध्यवर्ती कार्यालयाशिवाय ठेवते. नाव माणसाला वाचता येईल असं, सुरक्षित आणि कुणाच्याही ताब्यात नसलेलं, असं तिन्ही एकदम साधत नाही हे संगणकतज्ज्ञ झूको विल्कॉक्स यांचं जुनं म्हणणं. प्रोग्रॅमर अ‍ॅरन स्वार्ट्झ यांनी जानेवारी २०११ मध्ये अशाच साखळीनं ते कसं साधेल ते दाखवलं होतं. आमच्या सहकाऱ्यानं आठवडाभर खपून शोध चालवून दाखवला. तरी आम्ही तो घेतला नाही. साखळीवरचं नाव आणि मेलपत्ता यांना जोडणारा धागा तिथे नव्हता: अमुक नाव नोंदवणारा माणूस तमुक मेलपेटीचा मालक आहे हे साखळी सांगत नाही. नोंद ३६,००० ब्लॉकांत, म्हणजे साधारण आठ महिन्यांत, ताजी करावी लागते. विसरलात तर ती दुसऱ्याला घेता येते. ज्या कार्यालयात डोमेनचं नूतनीकरणच मुलाला फोन करून आठवावं लागतं, तिथे हा भार टाकणं अन्यायाचं झालं असतं. त्या सहकाऱ्याला वाईट वाटलं आणि ते मला समजतं. तो कोड आम्ही जपून ठेवला आहे.

सातबाऱ्याची गोष्ट

हे सगळं मॅडमना समजावून सांगताना आमचीच दमछाक झाली. त्यांच्याकडे ई-फायलिंगसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन आहे. त्या प्रमाणपत्रामागे परवानाधारक प्रमाणन संस्था, आणि त्यांच्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खालचा नियंत्रक, अशी वरपर्यंत जाणारी उतरंड आहे. त्यामुळे त्यांचा प्रश्न सरळ होता.

"ही किल्ली त्या माणसाची आहे हे कुणाच्या सहीनं?"

"कुणाच्याच नाही. त्याच्या डोमेनचा मालक तसं म्हणतो, एवढंच."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सातबारा आहे हा. खरेदीखत नाही."

जमिनीचे दावे लढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार ती नोंद खरी आहे असं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकी दाखवायची तर खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र असा मूळ दस्त लागतो. शोधून मिळालेली किल्ली ही अशीच गृहीत धरलेली नोंद. मूळ दस्त म्हणजे त्या माणसाच्या तोंडून ऐकलेला किल्लीचा ठसा, किल्लीवरून निघणारा ओळखीचा छोटा संकेत: चालू पिढीच्या किल्ल्यांत ४० अक्षरं, चाराचे दहा गट. २०२४ च्या आरएफसी ९५८० मधल्या नव्या किल्ल्यांचा ठसा ६४ अक्षरांचा आहे.

आमच्या पडद्यावर तोवर 'विश्वसनीय' आणि 'अविश्वसनीय' असे दोन शिक्के होते. दोन्ही खोटं बोलत होते. सापडलेल्या किल्लीबद्दल सॉफ्टवेअरला विश्वासाचं काहीच ठाऊक नसतं, ती कुठे सापडली एवढंच त्याला माहीत असतं. आता पडद्यावर 'नोंद' असं येतं आणि खाली उगम लिहिलेला असतो: डोमेनच्या डिरेक्टरीतून, किंवा आलेल्या मेलच्या ऑटोक्रिप्ट शीर्षकातून, म्हणजे पाठवणाऱ्याची किल्ली सोबत आणणाऱ्या मेलच्या अदृश्य माथ्यातून. फोनवर ठसा जुळवला की ती 'ताडलेली' होते आणि कुणी, कधी ताडली हे सोबत राहतं.

किल्ली बदलली तर? पूर्वी नवी किल्ली जुनीच्या जागी गुपचूप जाऊन बसायची. मॅडम म्हणाल्या, "फेरफार असा होत नाही." तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आम्ही ते तसंच्या तसं उचललं. नवी किल्ली दिसली की 'फेरफार प्रलंबित' अशी पिवळी पट्टी येते. जुनी किल्ली जागेवरच राहते. ज्युनिअरनं बटण दाबलं की त्या माणसाला जुन्या किल्लीनं कुलूप लावलेली नोटीस जाते: तुमच्या नावावर नवी किल्ली दिसते आहे, ती तुमचीच का? जुनी हरवली असेल तर फोन. मंजुरी मिळेपर्यंत त्या पत्त्यावर कुलूपबंद मेल नव्या किल्लीनं जात नाही.

आणि 'तसंच पाठवा' हे बटण आम्ही काढून टाकलं. एखादा पत्ता 'फक्त कुलूपबंद' म्हणून नोंदवला असेल तर उघडा मेल लिहिताच येत नाही. ती खूण फक्त त्या प्रकरणाचे मुख्य वकीलच काढू शकतात. शोधाच्या सगळ्या कामापेक्षा या एका बदलानं जास्त राखलं असं माझं ठाम मत आहे.

बांधताना

सगळ्यात जास्त वेळ एका गोष्टीनं खाल्ला. आमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, आणि दुसऱ्या डोमेनच्या सर्व्हरनं स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय ब्राउझर तिथली फाइल आपल्या पानाला वाचू देत नाही. किल्ल्या ठेवणाऱ्या अनेक डोमेनांनी ती परवानगी लावलेलीच नसते. सोपा उपाय म्हणजे आमच्या सर्व्हरनं किल्ली आणून द्यायची. पण मग विकेंद्रित शोध आमच्याच एका दारातून जाऊ लागतो, आणि ते दार कुणी फोडलं तर हवी ती किल्ली हातात ठेवता येते. तीन आठवडे आम्ही यावर भांडलो. शेवटी असं ठरलं: आधी ब्राउझरनं थेट विचारायचं. अडलं तरच आमच्या सर्व्हरमार्फत, आणि तसं उगमात लिहायचं. विचारणांची नोंद ठेवायची नाही. हा उपाय पुरता नाही. वेबमेलचा कोडच आमच्या सर्व्हरवरून येतो, म्हणजे सर्व्हर ज्याच्या हाती पडला त्याला कोडही बदलता येईल. ही गोष्ट आम्ही कार्यालयांना लेखी कळवली.

मग शनिवार पेठेतल्या कार्यालयाच्या स्वतःच्या चार किल्ल्या त्यांच्या डोमेनवर ठेवल्या. तासाभराचं काम म्हणून बसलो आणि तिसऱ्या दिवशी उठलो. डिरेक्टरीच्या दोन पद्धती आहेत. एक 'ओपनपीजीपीकी' नावाच्या उपडोमेनवरची, दुसरी थेट मुख्य डोमेनवरची. उपडोमेन अस्तित्वातच नसेल तरच दुसरीकडे वळायचं असा नियम आहे. त्यांच्या होस्टिंगवर कुठल्याही उपडोमेनला उत्तर देणारी सरसकट डीएनएस नोंद होती. त्यामुळे उपडोमेन 'आहे' असं दिसायचं आणि शोध तिथेच रिकाम्या भिंतीवर आपटायचा. पुढचा अडथळा असा की नसलेल्या पानासाठीही ती साइट 'सापडलं' असं सांगून मुखपृष्ठ द्यायची, आणि आमचं सॉफ्टवेअर त्या मुखपृष्ठाची किल्ली म्हणून उकल करायला बसायचं. शिवाय पहिल्या खेपेला मीच किल्ली मजकुराच्या रूपात चढवली. तिथे ती बायनरी, म्हणजे संगणकाच्या कच्च्या रूपात, लागते.

आलेल्या किल्लीवर विचारलेला पत्ता खरोखर आहे का, हेही तपासावंच लागतं. नाहीतर डोमेनवाला एका पत्त्याच्या विचारणेला भलत्याच माणसाच्या नावाची किल्ली देईल आणि ती त्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात जमा होईल.

देवनागरी पत्त्यांचा पेच अजून सुटलेला नाही. आरएफसी ६५३१ नं २०१२ पासून @ च्या आधीचा भाग देवनागरीत लिहिण्याची मुभा दिली आहे. डिरेक्टरीचा नियम इंग्रजी मोठी अक्षरं लहान करतो आणि बाकी अक्षरांना हात लावत नाही. आता 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ला हलंत जोडून लिहितात, तर काही साध्या र ला हलंत आणि न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच. बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा, म्हणून किल्ली 'सापडली नाही'. युनिकोड या जागतिक अक्षरप्रमाणात एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची नेहमीची रीत आहे, पण ती या दोन रूपांना एक करत नाही. सध्या आम्ही दोन्ही रूपांनी विचारून पाहतो. मराठीत मेलपत्ता असावा अशी इच्छा असणाऱ्या माणसाला एवढ्याशा र साठी उघडा मेल मिळावा हे मला सहन होत नाही.

मर्यादा मोठी आहे आणि ती लपवायची नाही. या कार्यालयाचे बहुतेक अशील मोठ्या मोफत मेलसेवा वापरतात आणि त्या सेवा आपल्या ग्राहकांच्या किल्ल्या अशा डिरेक्टरीत ठेवत नाहीत. प्रोटॉन मेलसारख्या सेवा ठेवतात, स्वतःचं डोमेन असलेला ठेवू शकतो. बाकीच्यांची किल्ली त्यांच्याच मेलच्या शीर्षकातून येते, नाहीतर येत नाही. येत नाही तेव्हा ज्युनिअर मसुदा छापते आणि बहीण तो कार्यालयात येऊन वाचते.

दिवाळीनंतर

दिवाळीनंतर जर्मनीतल्या अशिलाच्या नावापुढे पिवळी पट्टी आली. त्यांच्या मेलसेवेच्या डिरेक्टरीत नवी किल्ली होती, डीएनएसमधली नोंदही तीच दाखवत होती. दोन्ही साक्षीदार एकमतानं बोलत असताना मंजूर करून टाकावं असं कुणालाही वाटेल. ज्युनिअरनं जुन्या किल्लीनं नोटीस पाठवली. उत्तर नाही. मग तिनं फोन लावला. लॅपटॉप बदलला होता, जुनी किल्ली त्यावरच राहिली होती, म्हणून नोटीस उघडत नव्हती. आवाज ओळखीचा, तरी तिनं बहिणीच्या वाट्याचा गट क्रमांक विचारला आणि तो बरोबर आला.

मग ठसा. बी आणि डी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "बी बदकातला, डी डमरूतला" असं करत त्यांनी दहाही गट वाचले. सातव्या गटाला रस्त्यावरून वरात गेली आणि तो परत वाचायला लागला. दहावा गट जुळल्यावर तिनं 'फेरफार मंजूर' दाबलं. नोंदीत तिचं नाव आणि वेळ उमटली, आणि दुरुस्त मसुदा नव्या कुलपात गेला. दहा मिनिटांनी अशिलाचं उत्तर आलं, तेही कुलूपबंद: पान तीनवर चतुःसीमेत पूर्वेची बाजू चुकली आहे.